बांधील प्रवेश आणि एल्विनची बोट

माझा भाऊ एल्विन अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर शेवंडं पकडतो. त्याच्या मुलीला, ब्रिनला, डिसेंबरात हव्या त्या कॉलेजात प्रवेश मिळाला. प्रवेश बांधील होता. म्हणजे निकाल लवकर लागतो, पण मिळाला तर तिथंच जायचं, बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. तसं कबूल करून ब्रिननं, एल्विननं आणि शाळेतल्या समुपदेशक बाईंनी सह्या केल्या होत्या.

पाठोपाठ आर्थिक मदतीचं कळलं. कॉलेजनं एल्विनची बोट मालमत्तेत धरली होती. त्यामुळं मदत कमी झाली आणि वर्षाला अठरा हजार डॉलर घरून भरायचे होते. एवढे त्याच्या हातात कधी उरतच नाहीत.

समुपदेशक बाई म्हणाल्या, परवडत नसेल तर सुटता येतं. कॉलेजातून फोनवर सांगितलं, आमच्या हिशेबानं तुम्हाला परवडतं. एल्विननं दोन्ही ऐकलं आणि जेवण अर्धं टाकून उठला.

सकाळी ब्रिन आणि मी धक्क्यावर गेलो, तर बोटीच्या काचेवर पाटी: विकणे आहे.

"बाबा, हे काय?"

"सही केलीय आपण. बांधील म्हणजे बांधील."

"बोट विकून खायचं काय?"

"ते त्या कॉलेजला विचार. आपल्याला काय परवडतं ते त्यांनाच माहीत."

ब्रिननं पाटी काढली आणि तिथंच शेवंडांच्या पिंजऱ्यांवर बसून कॉलेजला फोन लावला. बोटीवरच आमचं पोट आहे, हे तिनं शांतपणे समजावलं. त्यांनी कागद मागवले, पुन्हा हिशेब केला आणि आकडा अकरा हजारांवर आणला.

त्यामुळं गोंधळ वाढलाच. "अठरा होते तेव्हा नाही म्हणणं सोपं होतं," ब्रिन म्हणाली. एल्विन कर्ज काढू म्हणायचा, थोड्या वेळानं नको म्हणायचा. मी दोन्ही वेळा मान डोलावली.

शेवटी कमी फीच्या राज्याच्या विद्यापीठातल्या अर्जाची मुदत संपत आली, तेव्हा ब्रिननं कॉलेजला लिहिलं की जमत नाही, मोकळं करा. त्यांनी केलं. दंड नाही, कोर्ट नाही, वर शुभेच्छा.

"मग सही कशाला घेतली होती?" एल्विननं विचारलं.

सप्टेंबरात तिला राज्याच्या विद्यापीठात सोडून आम्ही परत निघालो. ती खूश दिसत होती, की तसं दाखवत होती, मला कळलं नाही. एल्विन गाडी चालवत होता.

"अकरा जमले असते का गं?" तो म्हणाला.

"कोण जाणे," मी म्हणाले.