दोन्हीकडे सारखंच

त्या पंधरवड्यात माझी स्क्रीन मधोमध वाटून दिलेली होती. डावीकडे जुना मेल, उजवीकडे नवा. सगळं ऑफिस नव्या प्रोग्रामवर जाणार होतं, आणि जुना बंद होईपर्यंत दोन्ही चालू ठेवा, म्हणजे हात बसेल, असं सिस्टीमवाल्याने सगळ्यांना सांगितलं होतं. बाकीच्यांनी पहिल्याच दिवशी एकेक बाजू धरली आणि दुसरीकडे पाठ फिरवली. मला ते जमेना. गॅस बंद केलाय हे माहीत असताना अर्ध्या जिन्यावरून परत वर जाणारी बाई मी. डावीकडे मेल आला की उजवीकडेही तोच आलाय ना, हे बघितल्याशिवाय मी तो उघडत नसे.

"ताई, तुम्ही मेल वाचता की मोजता?" सिस्टीमवाला म्हणाला.

"आधी मोजते, मग वाचते."

"दोन्ही एकाच पेटीत डोकावतायत हो. दारं दोन, खोली एकच."

"असू दे. दोन दारांतून बघितलं तर काय बिघडतं?"

खरं कारण खाटांच्या ऑर्डरी हे नव्हतं. आमची कंपनी दवाखान्यांना खाटा पुरवते. चाक अडकतं, कठडा वर होत नाही, असल्या तक्रारींना दोन तास उशीर झाला तरी चालतो. मी वाट बघत होते पाळणाघराच्या मेलची.

माझी लेक दहा महिन्यांची. रजा संपवून मी कामावर आले तेव्हापासून तिला माझ्या सासूबाई सांभाळत होत्या. पण नणंदेचे दिवस भरत आले होते आणि महिनाअखेरीला आईंना तिकडे जायचं होतं. ऑफिसच्या मागच्या गल्लीत एक पाळणाघर आहे. स्वच्छ, उजेडाचं, मुलांना उगीच गप्प न बसवणारं. तिथे एक जागा रिकामी होणार होती. पाळणाघराच्या बाईंनी सांगितलं होतं, "जागा झाली की मेल करू. त्याच दिवशी पाचपर्यंत हो-नाही कळवा, नाहीतर पुढच्या पालकांना विचारावं लागतं." मग मी रोज फोन करायला लागले. चौथ्या फोनला त्या फार गोड आवाजात म्हणाल्या, "फोन नका हो करू. मेल येईल."

ही जागा हुकली तर दुसरं पाळणाघर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. नाहीतर नोकरी सोडायची. नवरा म्हणायचा, "मिळेल गं." त्याच्या त्या 'मिळेल गं'चा मला राग यायचा, कारण तो म्हणून झाल्यावर शांत झोपायचा.

आणखी एक खुटखुट होती, ती मी कोणालाच सांगितली नव्हती. म्हणजे मावशींना सोडून कोणाला. सुरुवातीचा आठवडा लेकीला अर्धाच दिवस तिथे ठेवावं आणि दुपारी आईंनी घेऊन जावं, असं मला फार वाटत होतं. एकदम पूर्ण दिवस परक्या हातात द्यायला माझा जीव होत नव्हता. पण पाळणाघराचा नियम पहिल्या दिवसापासून पूर्ण वेळेचा. विचारलं आणि 'हिची कटकट फार दिसते' म्हणून जागाच गेली तर? म्हणून मी गप्प.

मावशी म्हणजे आमच्या कंपनीतल्या सगळ्यात जुन्या. माल रवाना करायचं खातं त्यांचं. त्या कोणाच्याच मावशी नाहीत, पण साहेबसुद्धा त्यांना मावशीच म्हणतात. मी बाळंतपणाच्या रजेवर होते तेव्हा माझी कामं त्यांनी बघितली. माझ्या नावाचे मेल त्यांच्याकडे वळवलेले असायचे आणि त्या माझ्या वतीने उत्तरं द्यायच्या. मी परत आल्यावर ते वळवणं बंद झालं. एवढी एक गोष्ट सोडली तर त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं म्हणजे त्यांचं बोलणं. ते कापत जातं.

बुधवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत सिस्टीमवाल्याने माझं शेवटचं सामान नव्या घरात हलवलं. पत्ते, जुने कप्पे, कुठला मेल कुठे जायचा त्याचे नियम, सगळं. "झालं ताई. आता तुम्ही पूर्ण पलीकडे."

मी जागेवर येऊन बघितलं. डावीकडचा शेवटचा मेल आणि उजवीकडचा शेवटचा मेल एकच. छान. तीन वाजता बघितलं, सारखंच. चार वाजता, सारखंच. इतकी निवांत दुपार कित्येक दिवसांत मिळाली नव्हती. मी साठलेली बिलं उपसली, टेबल पुसलं, लेकीचा नवा फोटो कोपऱ्यात लावला. नव्या प्रोग्रामचा पायगुण चांगला दिसतो, असंही मनात येऊन गेलं.

साडेचारला तो पायगुण मला टोचायला लागला. दुपारभर एकही मेल नाही? एकाही दवाखान्यात एकाही खाटेचं चाक अडकलं नाही? आणि आमच्याकडे तर साहेबांचा दंडकच आहे, तोंडी काही नाही, सगळं मेलवर. शेजारच्या टेबलावरचा माणूससुद्धा स्टेपलर मेल करून मागतो. मी पुन्हा डावीकडे बघितलं, पुन्हा उजवीकडे. दोन्हीकडे तीच शांतता. दोन्हीकडे सारखं आहे म्हणजे सगळं आलंय, असं मी इतके दिवस धरून चालले होते. जे आलंच नाही तेही दोन्हीकडे सारखंच दिसणार, हे तेव्हा लक्षात आलं.

पाचला थोडा वेळ असताना मी लाज गुंडाळून ठेवली आणि पाळणाघराला फोन लावला.

"मी... तुमचा मेल आला नाही अजून, म्हणून विचारलं."

"अहो, दुपारीच केला की! आणि तुमचं उत्तरही आलं."

"माझं?"

"तुमच्या ऑफिसातून, तुमच्या वतीने. जागा हवीय म्हणून. आणि ते अर्ध्या दिवसाचं विचारलंत ना, आम्ही एरवी करत नाही. पण इतकं पटेल असं लिहिलंत. पहिला आठवडा चालेल. सोमवारी आणा."

मी फोन ठेवला. अर्ध्या दिवसाचं मी पूर्ण जगात एकाच बाईशी बोलले होते.

मावशी गोदामाची किल्ली खुंटीला लावत होत्या.

"मावशी, पाळणाघराला तुम्ही उत्तर दिलंत?"

"मग? तूच वळवलास ना मेल माझ्याकडे."

"मी कुठे वळवला?"

"दुपारपासून तुझे सगळे मेल माझ्याकडे येतायत. म्हटलं, पोर त्या दोन खिडक्यांत बघून बघून दमली असेल, दिली असतील कामं आजच्यापुरती. दोन चाकं आणि एक कठडा मी निस्तरलाय तुझा."

"अहो, पण मला सांगायचं तरी!"

"सांगितलं की. मेल केला तुला."

"मला नाही मिळाला."

"असं कसं? हा बघ." त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. मला लिहिलेला त्यांचा मेल त्यांच्याच पेटीत वर ठळक अक्षरांत बसला होता. 'तुझ्या लेकीची जागा पक्की. अर्धा दिवसही विचारलाय. पेढे नकोत, या कामाचं बिल नंतर पाठवते,' असं लिहिलं होतं.

"हा तर तुमच्याकडेच परत आलाय."

"हो, आला खरा. मला वाटलं नव्या पद्धतीत पोच अशी मिळत असेल."

मी हसायला लागले ते थांबेचना. सिस्टीमवाला धावत आला, त्याने दोन मिनिटं काहीतरी खुडबुड केली आणि कान पकडले. माझे जुने नियम हलवताना रजेतला नियमही त्याने उचलून आणला होता, आणि नव्या घरात पाऊल ठेवल्याठेवल्या तो जागा झाला होता.

"म्हणजे ताई, प्रोग्रामच्या लेखी तुम्ही दुपारपासून बाळंतपणाच्या रजेवर होतात."

"पगारी का?" मावशी म्हणाल्या.

तो गेल्यावर मी मावशींना म्हटलं, "दाखवा तरी काय लिहिलंत."

छोटंसंच होतं. मुलगी खेळकर आहे, नव्या माणसाकडे आधी टक लावून बघते आणि मग जाते. आजी महिनाअखेरपर्यंत आहेत, तेव्हा पहिला आठवडा दुपारी त्या नेतील, म्हणजे मुलीलाही दोन्हीकडची सवय होईल. इथपर्यंत मी मान हलवत वाचलं. शेवटची ओळ होती, 'आई फार काळजी करणारी आहे, मुलगी तशी नाही.'

"हे कशाला लिहायचं, मावशी?"

"खोटं आहे का?"

"खोटं नाही, पण..."

"रागावलीस?"

"थोडी," मी म्हटलं. ते खरंच होतं. माझ्या लेकीबद्दलचं 'हो' माझ्या आधी दुसऱ्या कोणी म्हणावं, हे मला झोंबलं होतं. आणि मी स्वतः ते अर्ध्या दिवसाचं कधीच विचारलं नसतं, हेही तितकंच खरं होतं. "पुढच्या वेळी टेबलापाशी येऊन सांगा. तोंडी."

"साहेबांना चालायचं नाही."

"साहेबांचं मी बघते."

"अरे वा," मावशी म्हणाल्या, आणि पर्स उचलून निघाल्या.

घरी आईंना सांगितलं तेव्हा त्या लेकीला भरवत होत्या. "अर्धा दिवस माझ्याकडे?" त्यांनी विचारलं. हो म्हटल्यावर चमचा हातात तसाच राहिला आणि लेक तोंड उघडून बसली. इतके दिवस मी फक्त माझ्याच जिवाचा विचार करत होते. एकदम सोडून जाणं आईंनाही जड होतं.

सोमवारी मी लेकीला पाळणाघरात ठेवलं. तिने तिथल्या ताईंकडे टक लावून बघितलं, मग त्यांच्या चष्म्याला हात घातला. मी कोपऱ्यापर्यंत चालत गेले, तिथे उभी राहिले, आणि मग ऑफिसात गेले. दुपारी आईंचा फोन आला. मी पहिल्या रिंगलाच उचलला.

"काय झालं? रडतेय?"

"झोपलीय गं. गाढ. उठवू नका म्हणतात इथल्या बाई."

"तिथे झोपली?"

"हो ना, घरी मला तासभर थोपटायला लावते! बसलेय मी बाहेर, बाकावर. इथे छान वारं येतंय."

"कंटाळा आला तर..."

"तू तुझं काम कर. मला काही घाई नाही."

मी फोन ठेवला. समोर एका दवाखान्याचा मेल नुकताच आला होता, खाट खाली जाते पण वर येत नाही म्हणून. दुसऱ्या बाजूला न बघता मी सरळ तो उघडला आणि उत्तर लिहायला घेतलं.