सात वर्षं जावयाच्या हाती न लागलेला चिमटा

मी चिमटा बोलतोय. साखरेचे खडे उचलायचा तो चांदीचा नाजूक चिमटा असतो ना, तो आमच्या खानदानातला नव्हे. मी कोळशाच्या शेगडीवरचा. हातभर लांब, काळाकुट्ट आणि एका बाजूला जरासा वाकडा. वाकडा कसा झालो ते पुढे येईलच.

माझा जन्म तुर्कस्तानातल्या एस्कीशेहिरच्या रेल्वे कारखान्यात झाला. मोडीत निघालेल्या इंजिनाची एक पोलादी पट्टी फोरमननं नेवझात नावाच्या इंजिन ड्रायव्हरला भेट दिली. नेवझातनं, म्हणजे माझ्या मालकांनी, तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत ती ठोकून ठोकून मला घडवलं. म्हणजे मी मूळचा इंजिनाचा तुकडा. आजही कुणी मला डाव-पळ्यांच्या शेजारी अडकवलं की मला राग येतो.

माणसांची एक खोड मला पहिल्याच दिवशी कळली. मला हातात घेतलं की माणूस आधी दोनदा कटकट वाजवतो. समोर मांस नसतं, निखारा नसतो, तरी दोनदा कटकट. एकदा नाही, तीनदा नाही. ही माझ्याशी ओळख करून घ्यायची रीत असावी, असं मी धरून चाललोय.

मालक निवृत्त झाले आणि त्यांचं सगळं आयुष्य रविवारावर येऊन ठेपलं. रविवारी आमचं घर धरणाकाठच्या झाडीत जातं. घरातली माणसं जातात असं मी म्हणत नाही. घर जातं. सतरंज्या, उशा, चहाचा समोवार, दोन टेबलं, कलिंगडं, शेगडी, सगळं. एका वर्षी कपडे वाळत घालायचा स्टँडही गेला, कारण त्यावर कपडे ओले होते. निघताना शेजारीण गाडीमागे तांब्याभर पाणी ओतते, म्हणजे गेलेली माणसं सुखरूप परत येतात. आम्ही जातो वीस किलोमीटरवर, पण तिचा चेहरा आम्हाला लढाईवर धाडल्यासारखा असतो.

झाडीत पोचलं की मालकीणबाई, म्हणजे सानिये, कांदा-टोमॅटो चिरायला बसतात आणि मालक शेगडीपाशी उभे राहतात. वारा घालायचा पुठ्ठा त्यांचा, कोळसा त्यांचा आणि मीही त्यांचाच. मालकांच्या तिसाव्या वर्षापासून तोवर दुसऱ्या कुणी मला हात लावलेला नव्हता. इंजिनाच्या केबिनमध्ये परक्याला घेत नाहीत, तसंच ते.

अशा या घरात सात वर्षांपूर्वी लाउरी आला. मालकांच्या मुलीनं, निलुफरनं, त्याला फिनलंडहून नवरा म्हणून आणला. उंच, पिवळ्या केसांचा, आणि बोलायचा इतका कमी की पहिल्या आठवड्यात मालकीणबाईंनी त्याला तीनदा विचारलं, पोट दुखतंय का. तो घरी बसून समुद्राचे नकाशे काढायचा. आमच्या गावापासून समुद्र दीडशे किलोमीटरवर आहे, पण त्यावर कुणी काही बोललं नाही. जावयाला कोण काय बोलणार?

दोघं आमच्या वरच्याच मजल्यावर राहायला आली, पण जेवणं आमच्याकडे. मी स्वयंपाकघराच्या गॅलरीत, वाळत घातलेल्या मिरच्यांशेजारी खिळ्याला असतो, त्यामुळे मला सगळं दिसतं. पहिल्या संध्याकाळी लाउरी अकरा पेले चहा प्यायला. नको असेल तर चमचा पेल्यावर आडवा ठेवायचा, एवढंच. पण हे त्याला कुणी सांगितलं नाही. सगळ्यांना वाटलं, याला फार आवडतोय. बाराव्या पेल्याला तो उठून बाथरूममध्ये गेला तो बराच वेळ आला नाही, आणि मालकीणबाई दाराबाहेर पेला घेऊन उभ्या राहिल्या.

पहिला रविवार तर मी विसरणार नाही. नऊला निघायचं ठरलं होतं. लाउरी नऊला पाच कमी असताना खाली गाडीपाशी उभा. हातात एक पाव आणि एक पुस्तक. आम्ही बाराला निघालो. झाडीत पोचल्यावर मालकांनी कोळसा पेटवला, तसा लाउरी उठला, बाह्या सरसावल्या आणि शेगडीपाशी येऊन त्यानं माझ्याकडे हात केला.

मालकांनी मला पाठीमागे घेतलं. "बसा जावईबापू. तुम्ही पाहुणे."

आमच्याकडे पाहुण्याला काम करू देत नाहीत. पाण्याचा पेला उचलायला गेला तरी घरातल्या दोघी धावतात. लाउरीला हातांची खुर्ची मिळाली, बाकी सगळे सतरंजीवर. त्याच्या ताटात पहिला कबाब, शेवटचा कबाब आणि मधलेही बरेच.

पुढच्या रविवारी तो परत उठला. बसा. त्याच्या पुढच्याही. बसा. त्यानं भांडी घासायला घेतली, तर मालकीणबाईंनी त्याच्या हातातला स्पंज काढून घेऊन त्याच्या तळहातावर, पाहुण्याला देतात तसं, लिंबाचं कोलोन ओतलं. घरी त्यानं खिडक्या पुसल्या, तर समोरच्या इमारतीतल्या बायका बघायला गॅलरीत जमल्या, आणि मालकीणबाई चार दिवस कुणाला तोंड दाखवेनात. मालकांचा मित्र हिकमेत, निवृत्त तिकीट तपासनीस, तो तर म्हणाला की जावई नाराज आहे बहुतेक, त्याला अजून एक उशी द्या. खुर्चीवर उशी आली. दुसऱ्या वर्षी पायाखाली स्टूल आलं. पाचव्या वर्षी डोक्यावर छत्री. माणूस इतका मानात बसला की त्याला खुर्चीतून सुटून यायलाच दोन मिनिटं लागायची.

सातव्या वर्षी एका संध्याकाळी तो निलुफरबरोबर आमच्या गॅलरीत उभा होता. त्याच्या भावाचं पत्र आलं होतं. भावाची लाकडाची गिरणी आहे, त्याला माणूस हवा होता. कळवायला उन्हाळा संपेपर्यंत मुदत होती.

"आमच्याकडे पाहुणा आला की दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात कुऱ्हाड देतात, लाकडं फोड म्हणून," लाउरी म्हणाला. "ज्याला कुणी काम सांगत नाही, तो समजतो, आता निघायची वेळ झाली. मला इथे सात वर्षं कुणी काम सांगितलेलं नाही."

"बाबांनी मला कधी त्या चिमट्याला हात लावू दिलाय का? मी तर पोटची पोर," निलुफर म्हणाली.

"तुला कोपऱ्यावरून पाव आणायला पाठवतात. मी पाहतो ना. मला एकदाही नाही."

मला त्या माणसाची दया आली. माझं पोलाद आहे, पण इतकंही कठीण नाही.

त्याच महिन्यात छातीच्या डॉक्टरांनी मालकांना धूर बंद केला. शेगडीपासून वीस पावलं लांब राहायचं, असं लिहूनच दिलं. घरात सुतकी शांतता. मला मात्र मनातून आनंद झाला, खोटं का बोलू? वाटलं, आता तरी मी त्या पोराच्या हातात जाणार.

कसलं काय. रविवारी मालकांनी गाडी शेगडीपासून मोजून वीस पावलांवर लावली, काचा वर केल्या, आत बसले आणि मला हिकमेतच्या हातात दिलं. हिकमेतनं जन्मात अंडं उकडलेलं नाही. पण मालकांकडे योजना होती. गाडीचा हॉर्न एकदा लांब वाजला की मांस उलटायचं. दोनदा आखूड, पुठ्ठ्यानं वारा. तीनदा आखूड, उतरवून घ्या.

लाउरी म्हणाला, "बाबा, मी करतो ना."

मालकांनी काच दोन बोटं खाली केली. "बसा जावईबापू. तुम्हाला धुरात उभं करू का?" काच वर गेली.

लाउरी बसला. त्या दिवशी त्यानं चमचा पहिल्याच पेल्यावर आडवा ठेवला.

मालकांचा अंदाज इतका अचूक की हॉर्नवर भाजलेलं मांसही पहिल्यासारखंच उतरलं. शेजारच्या सतरंजीवाल्यांनी ते पाहिलं. पुढच्या रविवारी हॉर्न वाजला की तेही आपले कबाब उलटू लागले. चौथ्या रविवारी अख्खी झाडी उलटायला लागली. लांब हॉर्न वाजला की साठ शेगड्यांवरचे साठ हात एकदम फिरायचे. दोन आखूड वाजले की साठ पुठ्ठे हलायचे आणि वरची पाखरं उडून जायची. एक कुटुंब तर म्हणे शेजारच्या गावाहून यायचं, कारण त्यांच्याकडे हॉर्न नव्हता. मालक काचेआड इंजिनात बसल्यासारखे ताठ बसायचे. ते सुखी होते. लाउरी छत्रीखाली बसून बोटांनी दिवस मोजायचा. ऑगस्ट, म्हणजे आमचा उन्हाळा, संपत आला होता.

शेवटच्या रविवारी सगळी झाडी भरलेली. हिकमेतनं खिम्याचे कोफ्ते नुकतेच शेगडीवर मांडले होते, आणि धरणाच्या रस्त्यावरून लग्नाची वरात आली. पंचवीस गाड्या, आरशांना पांढरे रुमाल बांधलेले, आणि प्रत्येक गाडीचा हॉर्न चालू.

लांब वाजला. हिकमेतनं उलटलं. आखूड, आखूड. पुठ्ठा. लांब, लांब, आखूड, लांब. मला गरगरायला लागलं. साठ शेगड्यांवर माणसं उलटत होती, वारा घालत होती, उतरवत होती, परत ठेवत होती. राखेचा ढग उठला. कुणाचे कोफ्ते ताकाच्या भांड्यात गेले. मालक गाडीतून खरा हुकूम देण्यासाठी जीव तोडून हॉर्न वाजवत होते, पण पंचवीसांत सव्विसावा हॉर्न कुणाला ओळखू येणार? वरातीला वाटलं, हे आपलं अभिनंदन करतायत. त्यांनी आणखी जोरात वाजवले.

"मी तिकीट तपासनीस आहे, मी माणूस आहे," असं काहीतरी बोलून हिकमेतनं मला दगडावर आपटलं आणि सतरंजीवर आडवा झाला. माझा वाकडेपणा तेव्हाचा.

मग कुणीतरी मला उचललं. लांब, थंड बोटं. कटकट. दोनदा.

लाउरी खुर्चीतून सुटून आला होता. छत्री त्याच्या शर्टाला अडकून तशीच मागे आली होती. त्यानं हॉर्नकडे लक्ष दिलं नाही, शेजाऱ्यांकडेही नाही. खाली वाकून कोफ्त्यांकडे बघितलं, कडेला पाणी सुटलेलं दिसलं तेवढेच उलटले, बाकीचे राहू दिले. सात वर्षं खुर्चीवरून तो काय बघत होता, ते मला त्या क्षणी कळलं.

वरात गेली. शांतता झाली. गाडीचं दार उघडलं आणि मालक नाकाला रुमाल लावून वीसच्या वीस पावलं चालत आले. मालकीणबाईंच्या हातातली सुरी थांबली. मी लाउरीच्या हातात, चोरीचा माल असावा तसा.

मालकांनी शेगडीत डोकावून पाहिलं. एक कोफ्ता बोटांनी उचलला, फुंकला, खाल्ला. बराच वेळ चावत राहिले. मग त्यांचा आवाज चढला.

"कोळसा संपत आलाय, दिसत नाही तुला? नुसता उभा काय राहिलायस? जा, डिकीतून पोतं आण. आणि येताना नाक्यावरून पाव आण, चार. गरम बघून आण, नाहीतर मागच्या वेळी निलुफरनं आणले तसे दगड आणशील."

"अहो, पाहुण्याला पोतं उचलायला लावताय?" मालकीणबाई म्हणाल्या.

"कोण पाहुणा?" मालक खेकसले. "सात वर्षं पाहुणा राहतो का कुणी?"

लाउरीनं मला शेगडीच्या कडेला नीट ठेवलं, छत्री काढून हिकमेतच्या अंगावर टाकली आणि पळत सुटला. पोतं आणलं, पावासाठी परत पळाला. त्याचे डोळे वाहत होते. तो म्हणाला, धूर. नाक्यावर धूर नव्हता.

भावाला पत्र गेलं, गॅलरीतच लिहिलं. मला वाचता येत नाही, पण लिहून झाल्यावर निलुफरनं त्याला मिठी मारली आणि त्या गडबडीत मिरच्यांची माळ खाली पडली, एवढं सांगतो.

आता दर रविवारी मी लाउरीच्या हातात असतो. हॉर्न अजून वाजतो, झाडी अजून उलटते, फक्त आमची शेगडी तेवढी ऐकत नाही. मालक त्याला धरणापर्यंत ऐकू जाईल इतक्या शिव्या घालतात आणि त्या खाताना तो खुशीत असतो. सगळं छान चाललंय असं मला वाटत होतं.

मागच्या रविवारी मात्र मालक गाडीतून उतरले आणि हळूहळू शेगडीकडे यायला लागले. लाउरीनं वर पाहिलं. "बाबा, तुम्ही बसा," तो म्हणाला. काळजीनंच म्हणाला. निलुफरनं लगेच हातांची खुर्ची पुढे केली. उशी होतीच.

मालक बसले. हात मांडीवर ठेवले. कुणीतरी त्यांना चहा दिला, त्यांनी चमचा आडवा ठेवला. तो चेहरा मी सात वर्षं पाहिलेला होता, फक्त दुसऱ्या माणसाचा.

मला ओरडता येत नाही, म्हणून मी निसटलो. खरंच सांगतो, मुद्दाम निसटलो, आणि लाउरीच्या पायावर पडलो. त्यानं वाकून मला उचललं आणि वाकल्यावाकल्या त्याची नजर खुर्चीकडे गेली. मग तो खुर्चीपाशी गेला आणि मला मालकांपुढे धरलं.

"बाबा, उठा. तो मधला कच्चा वाटतोय मला. नाकाला रुमाल लावा आणि बघा जरा. एकच."

मालकांना उठायला एक क्षणही लागला नाही. त्यांनी मला घेतलं आणि दोनदा वाजवलं.

तर मंडळी, मी आता म्हातारा आहे, वाकडा आहे, आणि मला दोन मालक आहेत. तुमच्याकडे काही मागायचं झालं तर एकच मागतो. तुमच्या घरात कुणी फार वर्षं खुर्चीवर मानानं बसून असेल, तर आज त्याला पाव आणायला पाठवा. चार. गरम बघून.