चार वाजताच्या बटाट्यांचं माप

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला उंचीची भीती नसते. याला भीती होती ती कागदांची. एकतीस वर्षं तो लिफ्टच्या डब्याच्या टपावर उभा राहून, कपाळाला बॅटरी बांधून, बाराव्या मजल्याच्या काळोखात शीळ घालत काम करत आला होता. आणि एके दिवशी कंपनीच्या डॉक्टरांनी त्याच्या हातात कागद दिला. रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी नऊ पूर्णांक सहा. पुढच्या तीन महिन्यांत ती आठच्या आत आली नाही, तर याला वर चढवायचं नाही. खाली टेबलाशी बसून तक्रारींचे फोन घ्यायचे. आता फोनवर 'हं' आणि 'बरं' यापलीकडे न जाणाऱ्या माणसाला ही शिक्षा म्हणजे जन्मठेपच होती.

घरात बातमी आली तशी मुलीनं सूत्रं हातात घेतली. ती शाळेत विज्ञान शिकवायची, आणि शाळा सुटल्यावर घरी येऊन उरलेलं शिकवायची. तिनं एक छापील तक्ता आणून स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवला आणि त्यात जे जे लाल रंगात होतं ते ते पिशवीत भरून शेजारी देऊन टाकलं. तांदूळ गेले, पाव गेला, बटाटे गेले. बटाटे म्हणजे बाबांचा जीव की प्राण. उकडलेला असो, भाजलेला असो, तळलेला असो, बटाटा समोर आला की या चोपन्न वर्षांच्या माणसाचा चेहरा पहिला नंबर आलेल्या पोरासारखा व्हायचा. आठ दिवस तो कोबी आणि काकडीवर राहिला. नवव्या दिवशी त्यानं ताट पुढे सरकवलं.

"यापेक्षा फोन घेतो," तो म्हणाला.

तेव्हा त्याची बायको पुढच्या खोलीतून उठून आली. पुढची खोली हे तिचं शिवणाचं दुकान होतं, आणि गळ्यात सदैव मोजपट्टी असल्यामुळे सगळी गल्ली तिला टेपबाई म्हणायची. तिनं चष्मा नाकावर ओढून तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला आणि चारी कोपरे नखानं सोडवून काढून घेतला.

"हा तयार कपडा आहे," ती म्हणाली. "सगळ्यांना चालेल असा काढलेला. असा कपडा कुणालाच धड बसत नाही."

"आई, डॉक्टर लोकांनी केलाय तो," मुलगी म्हणाली.

"असेल. पण तुझ्या बाबांचं माप कुणी घेतलंय?"

बायकोचं माप घेणं हा प्रकार त्यानं आयुष्यभर पाहिला होता आणि दर वेळी मनातल्या मनात तिला सलाम केला होता. माप देताना प्रत्येक गिऱ्हाईक पोट आत घेतं. भले भले घेतात. दुसरे शिंपी एक तर तेच माप लिहितात आणि पुढे कपडा उसवत बसतात, नाही तर तोंडावर म्हणतात, 'पोट सोडा.' टेपबाई यातलं काही करत नसे. कमरेला पट्टी धरून ती दाराकडे बघत उभी राहायची, धाकट्याची परीक्षा कशी झाली ते विचारायची, जिन्याचा दिवा लागतो का ते विचारायची. बोलता बोलता गिऱ्हाईक श्वास सोडायचं, पोट आपल्या जागी यायचं, आणि ती आकडा लिहून घ्यायची. गिऱ्हाईकाला वाटायचं, बाई किती मायाळू. तशी ती होतीच, पण तिचा आकडाही कधी चुकत नसे.

दुसऱ्या दिवशी ती तक्ता घेऊन नेहमीच्या डॉक्टरांकडे गेली. गोळ्या कुठल्या, कधी, बोटाला सुई टोचून साखर मोजायचं यंत्र कसं वापरायचं, सगळं दोनदा विचारून घेतलं. बटाट्याचं विचारल्यावर डॉक्टर हसले. थोडा द्या, दोन तासांनी मोजा आणि काय होतं ते बघा, म्हणाले. तिला तेवढंच हवं होतं.

मग घरात ट्रायल सुरू झाल्या. रविवारी दुपारी दोन मध्यम बटाटे, उकडून, मीठ-मिरी लावून. दोन तासांनी बोटाला सुई. आकडा आला दोनशे एक्केचाळीस. मुलीनं आईकडे असं पाहिलं की एखादीनं हात टेकले असते.

"ढगळ झालं," आई शांतपणे म्हणाली. "आत घेऊ."

पुढच्या वेळी एकच बटाटा, तोही जेवणाच्या शेवटी. आधी वाटीभर घेवडा, दोन अंडी आणि काकडी पोटात गेलेली. दोनशे पाच. मग तोच बटाटा उकडून, पूर्ण गार करून, आणि जेवणानंतर शाळेच्या मैदानाला एक फेरी. एकशे अडुसष्ट. भाताचं माप वेगळं निघालं, पावाचं वेगळं. भात मूठभरच चालायचा; पावाचा एक काप खपून जायचा, पण सकाळी नाही. सकाळी त्याचं रक्त का कोण जाणे तिरसट असायचं. कच्च्या टाक्यांवर कपडा चढवून बघावा, खडूनं खूण करावी, उसवावं, परत घालावं, तशी ती त्याच्या जेवणाला खुणा करत होती. आणि तो एक बटाटा तो वीस मिनिटं पुरवून खायचा. उभ्या जन्मात पोतंभर बटाटे खाऊन जी चव कळली नव्हती ती आता कळते, असं त्यानं एकदा कबूल केलं.

इथवर सगळं छान होतं. पण सुधारलेला माणूस फार दिवस सुधारलेला राहिला तर तो माणूस कसला?

त्या महिन्यात त्याचं काम एका जुन्या इमारतीत चाललं होतं. समोरच एक दुकान होतं आणि दुपारी चार वाजता तिथं तळलेल्या बटाट्यांची कढई लागायची. कागदाच्या पुड्यात गरम गरम काप, वरून मीठ. पहिल्या दिवशी त्यानं नुसता वास घेतला. दुसऱ्या दिवशी दोन काप चाखले. तिसऱ्या दिवसापासून रोज एक पुडा. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसा तो कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून खायचा, हात साबणानं धुवायचा आणि सहा वाजता घरी जाऊन निरागसपणे बोट पुढे करायचा.

आकडे बिघडले. दोनशे दहा, दोनशे तीस. टेपबाईनं वही पुढे घेतली आणि आपलीच चूक शोधायला लागली. दुपारच्या डब्यातला पावाचा काप तिनं पातळ केला. घेवडा वाढवला. त्याला एका शब्दानं काही विचारलं नाही. कपडा नीट बसला नाही तर गिऱ्हाईकाचं अंग चुकलं असं ती कधीच म्हणत नसे. माप चुकलं म्हणायची. शेवटी ती म्हणाली, फिरणं कमी पडतंय. मैदानाच्या एकाच्या दोन फेऱ्या झाल्या. दोनाच्या तीन. एकटा सोडला तर हा कोपऱ्यावरच्या कट्ट्यावर बसून येईल हे माहीत असल्यामुळे ती सोबत यायची. तिचा डावा गुडघा शिवणयंत्राचं पायडल मारून मारून कधीच कामातून गेला होता. दुसऱ्या फेरीला ती बोलायची थांबायची. तिसऱ्या फेरीला कुंपणाचा गज धरून चालायची.

त्यानं ते पहिल्या दिवशी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. दुसऱ्या दिवशीही. पण चार वाजताचा पुडा आता घशाखाली उतरेना. माणूस लबाड असला तरी आंधळा नव्हता. आपण खातोय आणि फेडतोय तिचा गुडघा, एवढं सरळ गणित त्याला दिसत होतं.

आठवड्यानंतर तिसऱ्या फेरीच्या मध्यावर तो थांबला. कट्ट्यावर बसला. ती शेजारी बसली, पाय लांब करून.

"उद्यापासून तू येऊ नकोस," तो म्हणाला.

"का?"

"तुझं माप चुकलेलं नाही." मग बराच वेळ त्यानं बुटाची नाडी सोडून परत बांधली. "मी रोज चार वाजता तळलेले बटाटे खातो. एक पुडा. तीन आठवडे झाले."

ती मैदानाकडे बघत होती. "पुडा मोठा की लहान?" तिनं विचारलं.

"मोठा."

"मला वाटलंच, लहानानं एवढं व्हायचं नाही."

त्यानं मान वर केली. "तुला माहीत होतं?"

"अहो, शर्टाची बाही कोण धुतं तुमची? तेलाचा वास साबणानं जातो होय? पंधरा दिवस झाले मला कळून."

"मग बोलली का नाहीस? ही फरपट कशाला करत बसलीस?"

"बोलले असते तर तुम्ही दुसरं दुकान शोधलं असतंत." ती गुडघा चोळत होती. "गिऱ्हाईक आपण होऊन श्वास सोडेपर्यंत थांबावं लागतं. घाईनं घेतलेलं माप काय कामाचं? फक्त या खेपेला गिऱ्हाईक भलतंच दमाचं निघालं."

त्याला हसूही आलं आणि डोळेही भरून आले. एवढ्या वर्षांत त्याला बायकोचं कौतुक कितीदा वाटलं होतं, पण सांगायचं राहूनच गेलं होतं. त्या संध्याकाळी त्यानं ते सांगितलं, अडखळत का होईना. ती म्हणाली, "पुरे. चला, हात द्या. उठवत नाहीये."

दुसऱ्या दिवशी चार वाजता ती त्या दुकानासमोर हजर. पिशवीत सुईचं यंत्र, वही, डब्यात उकडलेली अंडी आणि घेवडा. पुडा घेतला, त्यातले बारा काप मोजून त्याच्यापुढे ठेवले, उरलेले स्वतः खाल्ले. त्या दिवसापासून दुपारच्या डब्यातला पाव गेला आणि त्याची जागा चारच्या बटाट्यांना मिळाली. तेही आठवड्यातून दोनदाच. खाऊन झालं की लिफ्ट असतानाही सात मजले जिन्यानं चढायचे. चार-पाच ट्रायलमध्ये बाराचे नऊ झाले आणि नऊवर आकडा बसला. मैदानाच्या फेऱ्या आता मुलगी त्याच्याबरोबर मारायची. तक्त्याचं काय झालं हे तिनं एकदा विचारलं, तर आईनं त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर कॉलरचा नमुना कापला होता. कागद जाड आणि चांगला होता, म्हणाली.

तपासणीचा दिवस आला. कंपनीचे डॉक्टर कागद बघून म्हणाले, "सात पूर्णांक चार. कुठला तक्ता पाळला?"

"तक्ता नाही," तो म्हणाला. "घरी शिवून घेतलंय."

डॉक्टरांना काही कळलं नाही, पण त्यांनी सही केली.

तो घरी आला तेव्हा ती यंत्रावर बसली होती. त्यानं कागद तिच्यापुढे धरला. चष्मा कपाळावर होता तो तिनं खाली घेतला, आणि आकड्यावर बोट ठेवून तो तीनदा वाचला. ट्रायलला दोनशे एक्केचाळीस आला तेव्हा ती शांत होती. कट्ट्यावर शांत होती. तीन महिने सगळ्या घराला वाटत होतं की या बाईला कशाचीच काळजी नाही. आता तिच्या गळ्यातली मोजपट्टी छातीवर अगदी स्थिर होती, हलतही नव्हती.

तेव्हा त्याला समजलं, श्वास कुणी धरून ठेवला होता ते.

तो तिच्यासारखाच दाराकडे तोंड करून उभा राहिला आणि म्हणाला, "जिन्याचा दिवा लागतो का गं आपला?"

"लागतो," ती म्हणाली.

"आणि त्या कोपऱ्यावरच्या बाईंचा झगा झाला शिवून?"

"बाह्या राहिल्यात." मग मागून एक लांब, जड श्वास सुटल्याचा आवाज आला, आणि तो तसाच दाराकडे बघत उभा राहिला.