देऊळघाटचा पहिला रूळ

निवृत्तीने शेवटच्या रिबिटाच्या डोक्याला लोखंडी ठेपा लावला, पाठ पलीकडच्या पत्र्याला टेकवली आणि डोळे मिटून घेतले. बाहेरून अब्दुल गनीचा घण पडू लागला. सडक दाबायच्या रुळाच्या पोकळ पोटात तो आवाज कानांनी ऐकायचा नव्हताच. तो दातांत, बरगड्यांत, ठेपा धरलेल्या मनगटांत बसत असे. जिनिंगच्या पाण्याच्या टाक्यांमध्ये पंधरा वर्षं असंच बसून निवृत्तीचे कान निम्म्याहून जास्त गेले होते. घण थांबल्याचंही त्याला जरा वेळाने कळलं.

मग तो उजेडाकडे वळला. बाजूच्या पत्र्याला वरच्या अंगाला गोल तोंड होतं. त्यातून डोकं बाहेर गेलं, खांदे गेले नाहीत. त्याने आधी एक हात काढून पाहिला. मग बंडी काढून, तिरपा होऊन पाहिलं. खांद्याची कातडी सोलली तेव्हा तो थांबला.

टाकी करणाऱ्या माणसाकडूनच व्हावी अशी ती चूक होती. टाकीला नेहमीच माणूस जाईल एवढं दार असे. उघड्या बाजूने निवृत्ती आत शिरे, शेवटचा पत्रा बसला की त्या दारातून बाहेर येई. त्याचा वेगळा विचार कधी कुणी केला नव्हता. या वेळी नकाशा सरकारी होता. वजनासाठी रुळात पाणी भरायचं, म्हणून तोंड नऊ इंचांचं दाखवलं होतं. गनीने ते नऊ इंच केसभरही न चुकता कापले होते.

गनी तोंडाशी वाकला. घामाने त्याची दाढी चिकटली होती. तो काही बोलण्याआधीच त्याचा धाकटा भाऊ कय्यूम धावत आला आणि रस्त्याकडे हात करू लागला. ओव्हरसियर साहेबांचा टांगा आला होता, सांगितल्या वेळेच्या दोन तास आधी.

आजवर बुलढाण्याकडच्या सडकांवर दगडी रूळ फिरत, नाहीतर मुंबईहून आणलेले लोखंडी. गनी गाड्यांच्या चाकांना धावा चढवी, टाक्या करी. लोखंडी रूळ आपल्याला इथे करता येईल, हे त्याने वर्षभर कचेरीत हेलपाटे घालून पटवलं होतं. मलकापूरच्या स्टेशनावरून पत्रे गाड्यांनी घाट चढवून आणले होते. चार महिने भट्टीवर दुसरं काम घेतलं नव्हतं. हा रूळ पास झाला तर मेहकरच्या सडकेसाठी आणखी पाच मिळणार होते. नाही झाला, तर पुन्हा धावा आणि टाक्या. आणि गनीचं काम बसलं की निवृत्तीचंही बसणार होतं, कारण हाक मारली तर ज्याला ऐकू येत नाही अशा माणसाला कुणी शेतावरही बोलवत नसे.

गनीने तोंड अगदी आत घातलं.

"साहेब शिक्का मारून जातीन, मंग लगेच पत्रा काढतो. घडीभराचा सवाल हाय. बसशीन ना?"

"हाव," निवृत्ती म्हणाला.

त्याला दुसरं काही म्हणता आलं असतं असं त्याच्या मनातही आलं नाही.

बाहेर काय बोलणं झालं ते कय्यूमने नंतर सांगितलं. आत निवृत्तीला जे कळत होतं ते हातांना. साहेब छोट्या हातोडीने एकेक रिबीट वाजवत फिरत होते. हातोडी जवळ आली तेव्हा निवृत्तीने पत्र्यापासून पाठ सोडवली आणि तो गुडघ्यांवर पुढे झाला, म्हणजे पत्रा बद्द वाजू नये. हातोडी पुढे गेली की तो परत टेके. लोखंड अजून तापलेलं होतं. खोकला आला तो त्याने बंडीत दाबला.

हातोडी थांबली. आता शिक्का, असं त्याला वाटलं.

मग तोंडाचा उजेड गेला. कुणीतरी नरसाळं बसवलं होतं.

साहेबांनी पाणी भरायला सांगितलं होतं. कुठे झिरपतं का, ते पाहायचं होतं. गनी म्हणाला, विहीर लांब आहे. साहेब म्हणाले, आणा, मी बसलो आहे. आणि ते खरोखरच बाजेवर बसले.

पहिली घागर निवृत्तीच्या मानेवर पडली. पाणी गार होतं, आणि क्षणभर त्याला बरंही वाटलं. दुसरी, तिसरी. पाणी मांडीखाली साचलं. हातात ठेपा होता. एक ठोका घातला असता तरी साहेब उठून उभे राहिले असते. त्याने ठेपा उचललाही. मग त्याला वाटलं, गनीभाई बाहेरच आहेत, आता बोलतीलच. या घागरीला नाही तर पुढच्या घागरीला. बहुतेक ते साहेबांना नीट समजावून सांगत असतील. त्याने ठेपा पाण्यात उभा करून दोन्ही हातांत धरून ठेवला.

दहावी. पंधरावी. बसल्या जागी पाणी पोटाला लागलं. नरसाळ्याच्या कडेने येणारी उजेडाची रेघ तेवढी राहिली होती. तो त्या रेघेखाली नाक नेऊन बसला.

विसाव्या घागरीला पाणी आलं नाही. नरसाळं हललं, तिरपं झालं आणि निघालं. त्या जागी एक हात आत आला. हिरव्या बांगड्या, मनगटावर पिठाचा हात पुसल्याची खूण. हात आतल्या अंधारात चाचपत राहिला आणि निवृत्तीच्या ओल्या केसांना लागला तेव्हा थांबला.

ती अजीजुन्निसा होती, गनीची बायको. ती परपुरुषासमोर कधी अंगणात येत नसे. आणखी एक घागर न्यायला घरात आलेल्या कय्यूमला तिने विचारलं होतं, निवृत्तीभाऊची भाकर तशीच काऊन पडली. कय्यूमने खाली मान घातली. तेव्हा ती तोंडावर पदर ओढून सरळ साहेबांसमोर आली होती.

पत्रा काढायला दुपार टळली. रिबिटांची डोकी छिन्नीने उडवायची होती. गनीने तीन छिन्न्या बोथट केल्या, चौथी कय्यूमने धार लावून दिली. साहेब आधी संतापले, मग जवळ येऊन पाहू लागले. पत्रा सुटून पाण्यासकट निवृत्ती मातीत आला तेव्हा ते हसले.

"फोडायला एवढा वेळ लागतो, तर सडकेवर फुटायला किती लागेल?" म्हणाले, आणि कागदावर सही केली. तोंड मोठं करा, पत्रा परत बसवून रूळ पाठवा. पुढचे पाच तुमचेच.

पुढे गनीचा कारखाना मोठा झाला, मेहकरला पाटी लागली, खडी फोडायची यंत्रंसुद्धा तिथे होऊ लागली, तेव्हा ही गोष्ट पाहुण्यांना कौतुकाने सांगितली जाई. तिच्यात गनीनेच साहेबांना थांबवलेलं असे.

त्या दिवशी मात्र गनीने गूळ वाटला आणि माणसं पांगल्यावर तो निवृत्तीशेजारी येऊन बसला. निवृत्ती कोरडं धोतर नेसून उन्हात बसला होता. गनीने त्याच्या कानाशी तोंड नेलं.

"तू वाजवलं काऊन नाई? ठेपा होता ना तुह्या हातात."

"तुमी होते ना बाहेर."

गनीने बोटांनी जमिनीवरचा लोखंडाचा चुरा गोळा केला, पुन्हा सोडला.

"मले वाटलं, तू वाजवशीन."

"हाव," निवृत्ती म्हणाला. "मले वाटलं, तुमी बोलसान."

गनी उठला. या रुळाला आणि पुढच्या पाचांना मोठं तोंड ठेवायचं, वर झाकण बसवायचं, असं तो मोठ्याने सांगू लागला. साहेबांची हरकत नव्हती. खिशातून त्याने सुतळी काढली. निवृत्ती उभा राहिला, शिंप्यासमोर राहतात तसे त्याने हात जरा बाजूला धरले. गनीने त्याच्या खांद्यांभोवती सुतळी फिरवली, सोललेल्या जागेवर ती अलगद उचलून धरली आणि माप भरलं तिथे गाठ मारली.

निवृत्तीने सुतळी त्याच्या हातातून घेतली. तो गनीच्या मागे गेला आणि तीच सुतळी त्याने गनीच्या खांद्यांवरून फिरवून आणली. गनी हलला नाही. त्याचे खांदे चार बोटं जास्त रुंद भरले.

निवृत्तीने तिथे दुसरी गाठ मारली, पहिली सोडली आणि सुतळी त्याला परत दिली.