दरवाजा, झाड आणि तीन शेख

मुश्ताकच्या अमिरातीतल्या कॅफेटेरियाचा दरवाजा अर्धाच उघडायचा, कारण बाहेर गाफचं वाळवंटी झाड फोफावलं होतं. दरवाजा पूर्ण उघडत नसेल तर लायसन्स नाही, हा नगरपालिकेचा नियम. गाफ तोडायचं नाही, हाही नगरपालिकेचाच. लायसन्स शुक्रवारी संपणार होतं.

"मजलिशीत जा की, इनायाचे अब्बा," हमीदा नवऱ्याला म्हणाली. "शेखला सांगा. तिथे कुणालाही गाऱ्हाणं मांडता येतं."

मुश्ताक गेला. राजघराण्याच्या लांबलचक दिवाणखान्यात भिंतीलगत चाळीस माणसं बसलेली, सगळी पांढऱ्याशुभ्र पायघोळ कंदुऱ्यात. कुणी आत आलं की सगळे उठायचे. मुश्ताकही उठायचा. कुणासाठी, ते त्याला कळत नव्हतं.

"शेखसाब कौन?" त्याने शेजाऱ्याला विचारलं.

"राजासाब तो अबुधाबी गये. आज चाचा है, भाई है, भतीजा है. तुमको कौनसा मंगता?"

मुश्ताक गोंधळला. त्याच्या दापोलीच्या घरातही चार वडीलधारे होते, पण तिथे एकाला विचारून दुसऱ्याला टाळलं की वर्षभर बोलणं बंद. म्हणून कुणी दुखावायला नको या हिशेबाने त्याने तिघांनाही, वेगवेगळं गाठून, सगळं सांगितलं.

काका म्हणाले, दरवाजा मागच्या भिंतीत न्या. पुतण्या म्हणाला, झाड क्रेनने न्या. भाऊ म्हणाला, काही नेऊ नका, खिडकीतून चहा विका. तिघेही "खलास!", म्हणजे काम झालं समज, असं म्हणाले, आणि तिघांच्याही सेक्रेटरींनी लिहून घेतलं.

सकाळी दुकानासमोर तीन गाड्या उभ्या. एकीतून गवंडी उतरले, दुसरीतून क्रेनवाले, तिसरीतून सुतार. प्रत्येकाच्या हातात सहीशिक्क्याचा हुकूम.

नगरपालिकेच्या फहद नावाच्या इंजिनियरने तिन्ही कागद बॉनेटवर मांडले. "काका वयाने मोठे. नगरपालिकेचं खातं पुतण्याकडे. भाऊ राजांचे सख्खे. हबीबी, तू तिघांना का विचारलंस?"

"आमच्यात तसंच विचारतात."

"आमच्यातही," फहद उदास होऊन म्हणाला. "आता घराणं एकमताने सांगेपर्यंत कुणी कशाला हात लावायचा नाही. दरवाजा, झाड, लायसन्स, सगळं आहे तसं."

"म्हणजे दुकान चालू?"

"बंद करायला चौथा हुकूम लागेल."

तेवढ्यात हमीदाचा फोन आला. "काय झालं? काम झालं का नाही?"

"झालं नाही," मुश्ताक म्हणाला, "म्हणूनच झालं बहुतेक. ठेव, अकरा चहा टाकायचेत."

त्याने पातेलं चढवलं. वळणावरून चौथी गाडी येत होती. फहदने डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून नंबरप्लेट वाचली आणि हळूच टोपी नीट केली.

"राजांच्या आई," तो म्हणाला. "बारा टाक."