एकशिंगी म्हैस

कॅलिफोर्नियात आठवडाभर बटाटे खणून वर्याम सिंग रविवारी इंग्रजांविरुद्धच्या पंजाबी अखबारासाठी कवनं लिहायचा. पकडलं जाऊ नये म्हणून खाली नाव घालत नसे. पण गावी बापूंना ओळख पटावी म्हणून शेवटच्या ओळीत घरची एकशिंगी म्हैस हमखास आणायचा. छापखान्यातल्या मंडळींना वाटे, म्हैस म्हणजे इंग्रज सरकार. तीन वर्षं त्यानं गावी अंक धाडले, बापूंचं एकदाही उत्तर आलं नाही.

बंडासाठी मायदेशी परतला तो थेट कोठडीत. कवनं माझी नाहीत, एवढंच त्यानं कोर्टात लावून धरलं. तेवढ्यावर फाशी टळणार होती. सरकारी दुभाष्यानं टपालात अडवलेले सगळे अंक टेबलावर मांडले आणि एक कवन मोठ्यानं वाचलं.

"कवी सापडत नाही, हुजूर. म्हैस मात्र सरकारची निंदा दिसते."

"निंदा कसली, बाबूजी?" मागच्या बाकावरून बापू उठले. त्यांचे डोळे भरून आले होते. "आमची भूरी आहे ती! वर्यामा, लेका, एवढं झकास लिहितोस आणि बापाला कळवत नाहीस होय?"

न्यायाधीशांनी बापूंचे आभार मानले.