औंदाचा झोका

विमा कंपनीचा सर्व्हेअर निंबाभोवती फिरत होता आणि द्रौपदाअक्का दारातून त्याची प्रत्येक फेरी मोजत होत्या. परवाच्या वादळात त्यांच्या अंगणातल्या निंबाची जाड फांदी कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या समाधानच्या पिकअपवर कोसळली होती. पुढची काच फुटली, टप पार सीटपर्यंत दबला. शेजारचा समाधान याच गाडीतून एरंडोलच्या बाजारात भाजी पोचवायचा. त्या वेळी तो चहाला गेला होता म्हणून बरं.

"गाडीचा पूर्ण विमा आहे, पैसे मिळतील," सर्व्हेअर म्हणाला. "वादळाने पडली असेल तर विषय संपला. पण फांदी आधीच तडकलेली होती आणि झाडाच्या मालकाला ते ठाऊक होतं असं निघालं, तर कंपनी तो खर्च मालकाकडून वसूल करते."

अक्कांनी पदर तोंडाशी धरला. ठाऊक? चैत्रातच त्यांनी ती तड पाहिली होती. चांगलं बोट जाईल एवढी! पण कोणाला सांगितलं असतं तर झाड तोडा म्हणून सगळे मागे लागले असते, आणि झोक्यावाचून आखाजी कसली? लेक ललिता वर्षातून एकदा, अक्षय्य तृतीयेच्या त्याच सणाला माहेरी यायची. म्हणून अक्कांनी यंदा झोका गुपचूप पलीकडच्या फांदीला बांधला. कोणी विचारलंच तर, तिकडे सावली चांगली, एवढं सांगून मोकळ्या. समाधान मात्र रोज त्या तडकलेल्या फांदीखालीच गाडी लावत राहिला. अक्का रोज बघायच्या आणि उद्या सांगू म्हणून घरात जायच्या.

"फांदी कशी होती हो?" सर्व्हेअरने समाधानला विचारलं.

"एकदम मजबूत, साहेब! दर आखाजीले झोका तिलेच ऱ्हास. मनी पोर ममता त्यावरच खेळस. अक्का काय मनी पोरले कमजोर फांटीवर बसाडतीन का?"

सणाच्या दिवसांत तो गाडी घेऊन भाड्यावर बाहेर असायचा, यंदा झोका हलवलाय हे त्याला काय माहीत. सर्व्हेअरने मान डोलावली आणि कागदावर 'वादळ' असं लिहायला घेतलं. आता अक्कांचा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण समाधानचा तो विश्वास त्यांना सोसवेना. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना.

"थांबा साहेब," त्या कशाबशा म्हणाल्या. "औंदा झोका तिले नही व्हता. फांटी तडकेल शे, हाई माले मालूम व्हतं."

सर्व्हेअरचं पेन थांबलं. आता समाधान गाडीच्या नुकसानीचं बोलेल, ओरडेल, म्हणून अक्कांनी मान खाली घातली. तो ओरडला नाही.

"म्हणजे ममताले तुम्ही तठून काढी लिधं," तो हळूच म्हणाला. "आनि मी रोज दुपारले त्याच गाडीमा झोपस, अक्का."